डेस्क रिजेक्ट झालेला पेपर आणि जांभळी नाक्यावरचा साउंडबॉक्स

प्रश्न थोडक्यात असा: “ठाण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी सहा वर्षं मार्केटिंग शिकवते, पीएचडीही चालू आहे. विषय – ‘छोट्या विक्रेत्यांचे डिजिटल पेमेंटबाबतचे समाधान : ठाणे शहराच्या विशेष संदर्भात’. विद्यार्थ्यांच्या मदतीने 384 विक्रेत्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. शेवटच्या ‘इतर काही सांगायचे असल्यास’ या रकान्यातली उत्तरं मराठीत होती म्हणून वापरली नाहीत. पेपर दोन परदेशी जर्नलांना पाठवला, दोन्हीकडून रिव्ह्यूला न जाताच परत आला, म्हणजे डेस्क रिजेक्ट. माझं इंग्रजी कमी पडतं का? मोठ्या जर्नलांत छापणारे लोक पेपर लिहितात तरी कसा? कॉलेजात सगळे म्हणतात, पैसे भर आणि कुठेतरी छापून टाक.”

उत्तर:

तुम्ही सोबत पाठवलेला पेपर मी काल रात्री शेवटपर्यंत वाचला. इंग्रजी ठीक आहे. दोन-चार ठिकाणी वाक्यं लांबली आहेत, पण तेवढ्यासाठी कोणी पेपर परत पाठवत नाही. तुमचा पेपर परत आला तो पहिल्या दोन पानांमुळे. मी नवी मुंबईत बावीस वर्षं मार्केटिंग शिकवते आहे आणि गेली चौदा वर्षं वेगवेगळ्या जर्नलांसाठी रिव्ह्यू करते. माझेही पहिले तीन पेपर असेच परत आले होते, आणि त्या वेळी कारण सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एडिटरच्या टेबलावर काय घडतं ते आधी समजून घ्या. नावाजलेल्या जर्नलकडे वर्षाला शेकड्यांनी पेपर येतात. पेपर तपासून मत देणारे रिव्ह्यूअर म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच प्राध्यापक. ते हे काम मोबदल्याशिवाय करतात, एका पेपरवर त्यांचा बराच वेळ जातो. त्यामुळे कोणता पेपर त्यांच्याकडे धाडायचा हे एडिटरला जपून ठरवावं लागतं. तो शीर्षक वाचतो, गोषवारा वाचतो, पहिली दोन पानं वाचतो, तक्त्यांवरून नजर फिरवतो. हे करताना त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: माझा वाचक आज जे धरून चालतो त्यातलं काय या पेपरने बदलेल? मरी डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने 1971 मध्ये यावर एक निबंध लिहिला. एखादा सिद्धांत आपल्याला रोचक का वाटतो, याचं त्याने दिलेलं उत्तर असं: तो खरा असतो म्हणून नव्हे, तर आपण गृहीत धरलेल्या एखाद्या गोष्टीला तो धक्का देतो म्हणून. मार्केटिंगच्या पीएचडी विद्यार्थ्यांना आजही तो निबंध वाचायला देतात.

आता तुमचं पहिलं पान बघा. ‘भारत आज डिजिटल क्रांतीच्या उंबरठ्यावर उभा आहे’ इथून सुरुवात. मग नोटबंदी, मग यूपीआयची वाढ, दीड पान सरकारी योजना. दुसऱ्या पानाच्या तळाला वाक्य येतं, ‘ठाणे शहरात असा अभ्यास आजवर झालेला नाही.’ एडिटर तिथेच थांबला असणार. ठाण्यात झालेला नाही, तसा कल्याणलाही झालेला नाही आणि पनवेललाही नाही. एखाद्या गावात अभ्यास झाला नाही, एवढ्याने ज्ञानात पोकळी पडत नाही. ‘विशेष संदर्भात’ हे आपल्याकडचं लाडकं शेपूट. पीएचडीचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, पास व्हायला ते उपयोगी पडतं, पण त्यातून ठाणं फक्त शीर्षकात येतं. संशोधनात येत नाही. तुमच्या पेपरात जांभळी नाका नाही, मासुंदा तलावाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्या नाहीत, गावदेवीजवळची गर्दी नाही. ठाण्याच्या जागी नागपूर लिहिलं तर एकही वाक्य बदलावं लागणार नाही.

ठाणं संशोधनात येतं म्हणजे काय, ते सांगते. मागच्या जुलैत संध्याकाळी सातच्या सुमारास जांभळी नाक्याच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींच्या पाटीशेजारी मी उभी होते. पाऊस भुरभुरत होता. पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स मेथीच्या जुड्यांमागे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. वीस रुपये आले, पस्तीस आले, बॉक्स बोलत होता आणि मावशी मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाची भेंडी तोलत होत्या. मग एक खानावळवाले आले, त्यांच्या माणसाने दोन पोती भरली. त्यांनी मोबाइल काढला तसा मावशींनी हात मागे नेला आणि ओलं गोणपाट बॉक्सवर टाकलं. आत काहीतरी गुणगुणल्यासारखं ऐकू आलं, आकडा कळला नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, “शेजारच्यांना कशाला कळायला पाहिजे ताई, आज माझे किती झाले ते? उद्या भिशीला हप्ता चुकला तर बोलायला मोकळे.” खानावळवाल्यांनी मोबाइलचा पडदा त्यांच्यापुढे धरला. मावशींनी तो नीट निरखून पाहिला, मगच मान डोलावली.

यात प्रश्न आहे. विक्रेत्याचा विश्वास बसावा म्हणून कंपनीने आवाज दिला. त्यामागे धरून चाललेली गोष्ट अशी की व्यवहार दोघांत होतो: देणारा आणि घेणारा. बाजारात मात्र ऐकणारे आणखी असतात. शेजारची पाटीवाली, भिशीची बाई, उधारी वसूल करायला आलेला, घरचा माणूस. जी सोय गिऱ्हाइकापुढे विक्रेत्याला निर्धास्त करते, तीच शेजाऱ्यापुढे तिला उघडं पाडते. मग ती लहान रकमेला आवाजावर भरवसा ठेवते, मोठ्या रकमेला डोळ्यांवर. असं खरोखरच सगळीकडे होतं का, हे मला माहीत नाही; मी एक संध्याकाळ पाहिली आहे, तो अभ्यास नव्हे. पण ‘विक्रेते समाधानी आहेत का’ यापेक्षा हा प्रश्न शंभरपट जिवंत आहे. आणि तो जांभळी नाक्यावर सुचला तरी फक्त ठाण्याचा राहत नाही. जिथे पैशाची पावती चारचौघांत जाहीर होते, तिथे सगळीकडे तो लागू पडेल.

असा प्रश्न हाती आला की पहिला परिच्छेद आपोआप बदलतो. मी असा लिहीन: ‘रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पैसे मिळाल्याची खात्री पटावी म्हणून बोलणारी उपकरणं दिली जातात. काही विक्रेते मोठी रक्कम येताना तीच झाकून ठेवतात. पेमेंट तंत्रज्ञानावरच्या संशोधनाने पारदर्शकता वाढली की विश्वास वाढतो असं धरलं आहे. पावती ऐकणाऱ्यांत व्यवहाराबाहेरची माणसं असतील तर हे गृहीत टिकत नाही, असं आम्ही दाखवतो.’ चार वाक्यं. काय दिसलं, ते विचित्र का आहे, लोक काय धरून चालतात, आम्ही काय दाखवणार. क्रांतीचा उंबरठा नाही, नोटबंदी नाही. यूपीआय किती वाढलं हे वाचकाला सांगायचंच असेल तर पुढे एका ओळीत सांगा.

यानंतर तुमच्या पेपरात लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा येतो, नऊ पानं. ‘अमुक (2015) यांच्या मते... तमुक (2017) यांनी असे नमूद केले...’ अशी माळ. थीसिसमध्ये परीक्षक ती खपवून घेतात. जर्नलला हवा असतो वाद: कोण काय म्हणालं, त्यावर कोणी काय हरकत घेतली, आता गाडी कुठे अडली आहे. एक उदाहरण देते, हे तुम्ही वर्गात शिकवतही असाल. 2000 मध्ये छापलेल्या एका अभ्यासासाठी शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅमचं टेबल मांडलं. कधी 24 प्रकार ठेवले, कधी 6. चोविसांपाशी 60 टक्के लोक थांबले, पण त्यातल्या 3 टक्क्यांनीच खरेदी केली. सहांपाशी 40 टक्के थांबले आणि त्यातल्या 30 टक्क्यांनी घेतलं. जास्त पर्याय माणसाला गोठवतात हे मग पाठ्यपुस्तकांत गेलं. पुढे दहा वर्षांनी शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी असे पन्नास प्रयोग एकत्र करून जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये दाखवलं की सरासरी परिणाम शून्याच्या आसपास आहे. मग पहिला अभ्यास खोटा होता का? 2015 मध्ये चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: परिणाम असतो, पण ठरावीक परिस्थितीत. निवड अवघड असेल, पर्यायांची गुंतागुंत मोठी असेल, आपल्याला काय आवडतं हेच माणसाला माहीत नसेल, तर. बघा, तीन पेपरांत एक गोष्ट पुढे सरकली: ‘होतं’, ‘होत नाही’, ‘कधी होतं’. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये पेपर असे एकमेकांशी बोलले पाहिजेत. चौऱ्याण्णव संदर्भांपैकी सत्तर काढून टाकावे लागले तरी चालेल.

तुमच्या विषयाला जवळचा आणि तुमच्या यादीत नसलेला एक पेपर सांगते. मधु विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये कमी वाचता येणाऱ्या ग्राहकांवर लिहिलं. अमेरिकेत, साक्षरता वर्गांत येणाऱ्या प्रौढांबरोबर, त्यांच्यासोबत दुकानात जाऊन. त्यांना दिसलं की ही माणसं एकाच ठोस गोष्टीवर, म्हणजे बहुधा किमतीवर, निर्णय घेतात आणि अक्षरांकडे चित्रासारखं पाहतात. आणि आपली अडचण चारचौघांत उघडी पडू नये म्हणून खूप आटापिटा करतात. हे वाचा आणि मग मावशींचं गोणपाट आठवा. ज्यांना पडद्यावरचं वाचणं जड जातं त्यांच्यासाठी बोलणारा बॉक्स वरदान आहे, आणि लाज राखायची असेल तर तोच अडचण. तुमची थिअरी इथे कुठेतरी आहे. तंत्रज्ञान स्वीकाराच्या त्याच त्या बाण-चौकोनांच्या आकृतीत ती सापडणार नाही.

आता डेटाबद्दल. हा भाग ऐकायला कडू लागेल.

384 हा आकडा आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक थीसिसमध्ये दिसतो. तो येतो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यातून. लोकसंख्या दहा लाख असेल आणि तिच्यातलं एखादं प्रमाण पाच टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकपणे काढायचं असेल तर एवढा नमुना पुरतो. पण त्याला अट आहे: नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा. तुमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घराजवळचे, ओळखीचे विक्रेते गाठले. तसं करणं गैर नाही, सोयीचा नमुना सगळेच घेतात. पण मग त्या तक्त्याचा दाखला देता येत नाही. रिव्ह्यूअरला 384 दिसला की त्याला कळतं, लेखकाने तक्ता वापरलाय, पण त्यामागचं गणित पाहिलेलं नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. ‘बॉक्स उपयोगी वाटतो’ आणि ‘मी समाधानी आहे’ ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाने, एकाच कागदावर, त्याच दहा मिनिटांत दिली. समोर कॉलेजची मुलं उभी, मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. तो सरळ चार-चार-चार वर खुणा करत जातो. मग दोन्हींत घट्ट संबंध दिसतो आणि आपण हायपॉथिसिस सिद्ध झाल्याचं लिहितो. याला कॉमन मेथड बायस म्हणतात. तुम्ही शेवटी एक चाचणी लावून ‘बायस आढळला नाही’ असं लिहिलंय; त्या एका ओळीवर आज कोणी विश्वास ठेवत नाही. उपाय आखणीतच हवा. समाधान माणसाला विचारलंत तर वापर त्याच्या मोबाइलमधल्या नोंदींवरून मोजा. किंवा दोन वेळा, महिन्याच्या अंतराने जा. किंवा छोटा प्रयोग करा: निम्म्या विक्रेत्यांना आठवडाभर आवाज बंद ठेवून फक्त दिव्याने खूण देणारी सोय द्या आणि बघा काय बदलतं. प्रश्नावली हवं तेच मोजते का हे पाहणाऱ्या चाचण्या, म्हणजे स्केलची विश्वासार्हता, फॉर्नेल-लार्करचा 1981 चा निकष, हे सगळं तुम्ही व्यवस्थित केलंय. ते आवश्यकच आहे, पण त्यावर पेपर उभा राहत नाही.

आणि निकाल आवडला नाही म्हणून आकडे पुन्हा पुन्हा पिळू नका. 2011 मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी या सवयीचं खरं रूप दाखवलं. मुद्दाम सैल विश्लेषण करून त्यांनी ‘सिद्ध’ केलं की एक विशिष्ट गाणं ऐकलं की माणसाचं वय सुमारे दीड वर्षाने कमी होतं! त्यांनी हिशेब मांडला: कोणते घटक मोजायचे, नमुना कुठे थांबवायचा, कोणता गट वगळायचा अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर नसलेला परिणाम ‘सापडण्याची’ शक्यता पाच टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर जाते. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि कोणाला काही होत नाही, हा समजही पुसून टाका. खाण्याच्या सवयींवर लिहिणारे कॉर्नेलचे ब्रायन वॉन्सिंक जगप्रसिद्ध होते. फसलेल्या एका पिझ्झा बुफेच्या डेटातून विद्यार्थिनीने कसे पेपर काढले हे 2016 मध्ये त्यांनी स्वतःच कौतुकाने लिहिलं, लोकांनी ते पेपर तपासायला घेतले, आणि 2018 मध्ये विद्यापीठाने गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष जाहीर केला. त्यांनी राजीनामा दिला, डझनाहून जास्त पेपर मागे घेतले गेले. म्हणून डेटा गोळा करण्याआधी तुमचं भाकीत, नमुना किती, कोणाला वगळणार, हे लिहून तारखेसकट नोंदवून ठेवा. याला प्री-रजिस्ट्रेशन म्हणतात, ते फुकट करता येतं. ते केलंत की निकाल शून्य आला तरी तुमची मान ताठ राहते.

मार्केटिंगमध्ये संशोधनाचं एकच घराणं नाही, हेही लक्षात घ्या. प्रयोग करणारे पाच-सहा छोटे अभ्यास एकामागोमाग रचतात, प्रत्येक अभ्यास आधीच्यातली एक पळवाट बुजवतो. मॉडेल करणारे दुकानाच्या बिलांच्या नोंदी घेऊन गणित मांडतात. तिसरे, ज्यांच्या परंपरेला 2005 मध्ये आर्नोल्ड आणि थॉम्पसन यांनी कन्झ्युमर कल्चर थिअरी असं नाव दिलं, ते माणसांत महिनोन्‌महिने राहून, बोलून, पाहून लिहितात. तुमच्यासारख्या मराठीत सहज बोलणाऱ्या, रोज बाजारातून घरी जाणाऱ्या शिक्षिकेला तिसरी वाट सगळ्यात जवळची आहे. आपल्याकडे ती ‘क्वॉलिटेटिव्ह आहे, आकडे नाहीत’ म्हणून हिणवली जाते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्रास होईल या भीतीने गाईडही परवानगी देत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. रोहित वर्मन आणि रसेल बेल्क यांनी वाराणसीजवळच्या मेहदीगंजमधल्या कोकाकोलाविरोधी आंदोलनावर केलेला असाच अभ्यास 2009 मध्ये जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये छापला गेला. आपल्या मातीतला प्रश्न तिथपर्यंत पोहोचतो.

प्रत्यक्ष लिहायला बसाल तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी तक्ते आणि निकाल, मग पद्धत, मग चर्चा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, आणि ती किमान दहा वेळा. मी नेरूळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीने जाते. त्या अर्ध्या-पाऊण तासात मोबाइलवर माझा मुद्दा मराठीत बोलून रेकॉर्ड करते, जणू माझ्या आत्याला सांगते आहे. जिथे मला ‘म्हणजे कसं आहे ना’ म्हणावं लागतं, तिथे विचार अजून शिजलेला नसतो. घरी आल्यावर तेवढाच भाग पुन्हा धरते. इंग्रजी त्यानंतर येतं. 2021 मध्ये वॉरन आणि सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ मार्केटिंगमध्येच दाखवलं की आपल्या क्षेत्रातलं लिखाण तीन गोष्टींनी दुर्बोध होतं: अमूर्त शब्द, तांत्रिक परिभाषा आणि कर्मणी प्रयोग, आणि समजायला सोपे असलेले पेपर जास्त उद्धृत होतात. संशोधकाला स्वतःचा विषय इतका पाठ असतो की वाचकाला काय कळणार नाही हे त्याला दिसतच नाही, हे त्यांनी सांगितलेलं कारण. म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथेच अडखळतात. तुमच्या पेपरात ‘विक्रेता’ हा शब्द तिसऱ्या पानानंतर जाऊन ‘रिस्पॉन्डंट’ आला, मग ‘स्टेकहोल्डर’ आला. मावशींना मावशीच राहू द्या, निदान भाजीविक्रेती तरी. एआयकडून भाषा तपासून घेतलीत तर जर्नलच्या नियमाप्रमाणे ते कळवा, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा. नसलेले पेपर तो बिनदिक्कत देतो.

पेपर रिव्ह्यूला गेला की खरं लिखाण सुरू होतं. नामांकित जर्नलांत पहिल्याच फेरीत स्वीकार जवळजवळ होत नाही. ‘रिव्हाइज अँड रिसबमिट’, म्हणजे सुधारून पुन्हा पाठवा, असं पत्र आलं तर पेढे वाटा, हे मी अगदी मनापासून सांगते. माझी एक विद्यार्थिनी असं पत्र वाचून रडली होती, चार पानं चुका वाचून तिला वाटलं संपलं सगळं. पत्र दोन दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक सूचना वेगळ्या ओळीत उतरवा आणि तिच्यासमोर तीन गोष्टी लिहा: आम्ही काय समजलो, काय केलं, बदललेला मजकूर कोणता. मजकूर तिथेच उतरवा, रिव्ह्यूअरला पानं उलटायला लावू नका.

माझ्या एका पेपरला साडेतीन वर्षं आणि चार फेऱ्या लागल्या. दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की तिसरा अभ्यास काढून टाका आणि त्याऐवजी प्रयोगशाळेत अमुक करा. तो तिसरा अभ्यास म्हणजे सानपाडा-तुर्भ्याच्या फळबाजारात पहाटे चारला उठून सहा महिने केलेलं काम. मला फार राग आला. मग माझ्या सहलेखकाने शांतपणे एक प्रश्न विचारला, “त्याला दुखतंय कुठे?” रिव्ह्यूअरने सुचवलेलं औषध बरोबर असेलच असं नाही, पण त्याला काहीतरी खटकलंय हे नक्की असतं. नीट वाचल्यावर कळलं, आमचा तिसरा अभ्यास पहिल्या दोघांपेक्षा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. आम्ही तो काढला, पण प्रयोगशाळेत गेलो नाही. बाजारातच दुसऱ्या पद्धतीने तोच प्रश्न तपासला आणि उत्तरात लिहिलं, ‘आपली शंका योग्य आहे. आपण सुचवलेल्या प्रयोगाने ती दूर झाली असती, मात्र प्रत्यक्ष बाजारातली घासाघीस त्यात हरवली असती, म्हणून आम्ही असं केलं.’ त्याने ते मान्य केलं. काढलेला अभ्यास पुढे वेगळा पेपर झाला.

पैसे भरून छापण्याबद्दल. करू नका. 2022 च्या यूजीसी नियमांनी थीसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का ते पीएचडी विभागात लेखी विचारा, स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. मान्य जर्नलांची केअर यादीही यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता तुमची आणि तुमच्या संस्थेची. ‘आदरणीय विद्वान महोदय’ अशी सुरुवात करून सात दिवसांत छापण्याची हमी देणारी ईमेल सरळ पुसून टाका. इतर वेळी एवढं करा: संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का पाहा, अलीकडचे तीन पेपर पूर्ण वाचा, आणि वेबसाइटचा पत्ता प्रकाशकाच्या मुख्य पानावरून शोधा, कारण खऱ्या जर्नलच्या नावाने खोट्या साइट निघतात. मार्केटिंगची बहुतेक चांगली जर्नलं सबस्क्रिप्शनवर चालतात, तिथे छापायला लेखकाला पैसे पडत नाहीत. पेपर सगळ्यांना मोफत वाचायला खुला ठेवायचा असेल तरच मोठी फी लागते, आणि तो पर्याय नाकारता येतो. माझ्या एका सहकाऱ्याने घाईत साडेतीन हजार भरून पेपर छापला. पुढे तोच डेटा नीट मांडून चांगल्या जर्नलला द्यायची वेळ आली, तेव्हा तो आधीच छापलेला असल्याने देता आला नाही. पाच वर्षांची मेहनत साडेतीन हजारात गेली.

सहलेखकांची नावं आणि क्रम सुरुवातीलाच, शक्य तर ईमेलवर ठरवा. गाईडचं नाव आपोआप पहिलं, हा नियम कुठल्याही जर्नलचा नाही.

पाठवायचं कुठे? पहिलाच पेपर जर्नल ऑफ मार्केटिंगला पाठवण्याचा हट्ट मी धरणार नाही. 1936 पासूनचं ते जर्नल, तिथे सुरुवातीपासून छापून येईपर्यंत चार-पाच वर्षांचं काम लागतं. बाजार आणि समाज यांच्या नात्यावर लिहिणारं जर्नल ऑफ मॅक्रोमार्केटिंग तुमच्या प्रश्नाला जवळचं आहे, धोरणाचा भाग बळकट झाला तर जर्नल ऑफ पब्लिक पॉलिसी अँड मार्केटिंग. इथल्या वाचकांसाठी अहमदाबादच्या आयआयएमचं विकल्प आहे. ज्या जर्नलला द्यायचं त्यातले मागच्या दोन वर्षांतले दहा पेपर आधी वाचा, त्यातल्या दोघा-तिघांशी तुमच्या पेपराचं बोलणं सुरू झालं पाहिजे. आणि त्याआधी एखाद्या परिषदेत पंधरा मिनिटं मांडून बघा. लोकांनी जेवणाच्या रांगेत थांबवून प्रश्न विचारले तर समजा धागा लागला.

हे सगळं पुढचं झालं. या आठवड्यात एकच करा. त्या 384 फॉर्मचा गठ्ठा काढा आणि मराठीत आहे म्हणून तुम्ही सोडून दिलेला शेवटचा रकाना वाचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोडिंग म्हणजे उत्तरांची वर्गवारी न करता, फक्त वाचा. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्ये मला नऊच फॉर्म दिसले. त्यातल्या सातव्यावर कोणीतरी निळ्या पेनने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, ‘दुपारी भाऊ बसतो तेव्हा आवाज बारीक करते’. हा भाऊ कोण, आणि आवाज बारीक का, हे त्या ताईंना कोणी विचारलं नाही. फॉर्मवर गाळा क्रमांक आहे. शनिवारी संध्याकाळी जाऊन या, आणि काय म्हणाल्या ते मला कळवा.